मेमरी कंट्रोलरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कुठे ठेवायचा: एका बोर्डचं प्रकरण

भोसरी-चाकण पट्ट्यात फाउंड्री, फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंटची युनिट्स एकमेकांना चिकटून उभी आहेत. तिथल्या भट्टीशेजारच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बसणाऱ्या एका गेटवे बोर्डचं सॉफ्टवेअर बाणेरमधली आमची छोटी टीम सांभाळते. लोखंडाची बारीक धूळ आत जाऊ नये म्हणून पॅनेल बंद असतं, पंखा नसतो. एप्रिलमध्ये पुण्यात बाहेरच ४० अंश होतात, मग भट्टीलगतच्या पत्र्याच्या डब्यात मेमरी चिपला काय सोसावं लागत असेल, याची कल्पना करा. म्हणून या बोर्डवर एलपीडीडीआर४ मेमरी आणि ईसीसी (मेमरीतल्या बिटांच्या चुका पकडून दुरुस्त करण्याची सोय) दोन्ही आहेत, आणि म्हणूनच मेमरी कंट्रोलरचा, म्हणजे मेमरीची वाचन-लेखन सांभाळणाऱ्या चिपमधल्या भागाचा, ड्रायव्हर हा आमच्यासाठी कोपऱ्यात पडलेला विषय नव्हता.

चिप बनवणाऱ्या कंपनीने दिलेला लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जुना होता. त्यावर नवे सिक्युरिटी पॅच बसवत राहणं दर वेळी जड जात होतं. ग्राहक युरोपात माल पाठवतो. तिथला सायबर रेझिलियन्स अॅक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. वर्षानुवर्षं अपडेट देत राहायचं तर मेनलाइन, म्हणजे सगळ्यांच्या मूळ, कर्नलवर येण्याला पर्याय नाही. आम्ही ६.१२ ही एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती धरली आणि कंपनीच्या कर्नलमधले ड्रायव्हर एकेक करून वर आणायला घेतले. बहुतेकांची जागा ठरलेली होती: सीरियल पोर्टचा सीरियलमध्ये, इथरनेटचा नेटमध्ये. मेमरी कंट्रोलरच्या फाइलपाशी मात्र काम अडलं.

ही फाइल कंपनीने 'ड्रायव्हर्स/एसओसी'खाली (एसओसी म्हणजे एकाच चिपवरची पूर्ण सिस्टिम), स्वतःच्या नावाच्या डिरेक्टरीत ठेवली होती. एकाच फाइलमध्ये चार कामं होती. ईसीसीचा इंटरप्ट (हार्डवेअरने दिलेला इशारा) आला की चुका मोजणं, मेमरीच्या तापमानाप्रमाणे रिफ्रेशचा (पेशींतला भार पुन्हा भरण्याचा) वेग बदलणं, लोड कमी असेल तेव्हा मेमरीची फ्रीक्वेन्सी खाली आणणं, आणि हे सगळं दाखवायला सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फायलींच्या रूपात मांडतो ती जागा) स्वतःच्या मनाने बनवलेल्या फायली.

टीममधला सगळ्यात नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, फाइल चालतेय ना, मग आहे तिथेच राहू दे की."

आमच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, "चालतेय रे. पण उद्या मोडली तर कुणाला विचारणार? ती डिरेक्टरी बघतं कोण, ते आधी शोध."

त्याने गेट-मेंटेनर स्क्रिप्ट चालवून पाहिली. ही स्क्रिप्ट कोणत्याही फाइलवर पॅच पाठवायचा तर तो कुणाला पाठवावा ते सांगते. 'ड्रायव्हर्स/एसओसी'साठी उत्तर आलं ते एसओसी ट्री (त्या भागाच्या कोडची प्रत) सांभाळणाऱ्यांचं. ही माणसं जाणकार आहेत, पण त्यांच्याकडे शेकडो चिपचा जोडकामाचा कोड येतो. ज्या कोडला कर्नलमधलं दुसरं कुठलंच सबसिस्टिम (विषयवार विभाग) नाही, असा कोड तिथे राहावा हीच त्या डिरेक्टरीमागची कल्पना. ईसीसीच्या चुका कशा मोजाव्यात, रिफ्रेश कधी सैल करावा, हे मेमरीच्या नजरेने तपासणारं तिथे कुणी नसतं. ड्रायव्हरची जागा ठरली की तो वाचणार कोण हेही ठरतं, आणि मला वाटतं या सगळ्या चर्चेत ही गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते.

आधीच्या लोकांनी काय केलं होतं

जागा ठरवण्याआधी आम्ही कर्नलच्या कोडच्या झाडाचा इतिहास चाळला, कारण कर्नलमध्ये उदाहरण सापडलं तर अर्धा वाद मिटतो.

मेमरी म्हटलं की नवख्याचं बोट 'एमएम' डिरेक्टरीकडे जातं. तिथे पेजचा (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचा) हिशेब असतो: कुठलं पेज कुणाला दिलं, कुठलं परत घेतलं. कंट्रोलरच्या रजिस्टरशी (ज्यात लिहून-वाचून हार्डवेअर चालवतात त्या जागांशी) तिचा संबंध नाही, त्यामुळे ती लगेच बाद झाली.

'ड्रायव्हर्स/मेमरी' ही डिरेक्टरी २०१२ मध्ये, ३.५ आवृत्तीत आली. त्याआधीच्या वर्षी एआरएम या प्रोसेसर प्रकाराच्या कोडवरून बराच गदारोळ झाला होता. प्रत्येक चिप कंपनी आपापल्या 'मशीन' डिरेक्टरीत सगळं कोंबत होती, आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याबद्दल उघड नाराजी दाखवली होती. त्यानंतर हा कोड तिथून उचलून योग्य त्या ड्रायव्हर डिरेक्टरीत हलवायचं मोठं काम सुरू झालं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप चिपमधला जीपीएमसी, म्हणजे नॉर-नँड फ्लॅश जोडायचा कंट्रोलर, २०१४ मध्ये असाच आर्किटेक्चरच्या कोडमधून 'ड्रायव्हर्स/मेमरी'त आला.

त्या डिरेक्टरीतला पहिल्या दिवसापासूनचा रहिवासी म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचाच ईएमआयएफ ड्रायव्हर, आणि तो आमच्या कामाच्या सगळ्यात जवळचा निघाला. एलपीडीडीआर२ चिपच्या मोड रजिस्टर ४ मधून तो तापमानाची पातळी घेतो, त्याप्रमाणे रिफ्रेश आणि टायमिंग बदलतो आणि चिपची मर्यादाच ओलांडली गेली तर मशीन बंद करण्यापर्यंत जातो.

दुसऱ्या बाजूला 'इडॅक'. हे सबसिस्टिम २००६ मध्ये, २.६.१६ आवृत्तीत आलं. मेमरीतल्या दुरुस्त झालेल्या आणि दुरुस्त न होणाऱ्या चुका मोजून एका ठरावीक पद्धतीने दाखवणं हे त्याचं काम. सिनॉप्सिसच्या डीडीआर कंट्रोलरचा ड्रायव्हर तिथेच आहे. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की सगळी फाइल उचलून इडॅकमध्ये टाकावी, तापमानाचा भाग तिच्यात जाता जाता मावेल.

तिसरं ठिकाण 'डेव्हफ्रेक', सीपीयूखेरीज इतर गोष्टींची फ्रीक्वेन्सी बदलण्यासाठीचं. आणि इथे एक जोडी सापडली जिने आमचे डोळे उघडले. एनएक्सपीच्या आय.एमएक्स८एम कुटुंबात मिनी आणि प्लस अशा दोन चिप आहेत. दोन्हींच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला हार्डवेअर सांगणाऱ्या यादीत, मेमरी कंट्रोलरचा नोड (नोंद) एकाच पत्त्यावर आहे. पण मिनीचा नोड डेव्हफ्रेकमधला ड्रायव्हर उचलतो, तर प्लसचा नोड इडॅकमधला सिनॉप्सिसचा ड्रायव्हर उचलतो. हार्डवेअर सख्ख्या बहिणींसारखं असूनही ड्रायव्हर दोन वेगळ्या डिरेक्टरीत, कारण एकीकडे कर्नलला फ्रीक्वेन्सी हवी होती आणि दुसरीकडे चुकांचा हिशेब.

म्हणजे 'हे हार्डवेअर काय आहे' एवढ्यावर जागा ठरत नाही. कर्नलला त्या हार्डवेअरकडून काय हवंय ते बघावं लागतं. पण आमच्या बोर्डला एकाच कंट्रोलरकडून दोन-तीन गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या, आणि खरी अडचण तीच होती.

उणे १६

आम्ही पहिला प्रयोग केला तो सरळसोट: दोन ड्रायव्हर, एक 'मेमरी'त, एक 'इडॅक'मध्ये, आणि दोघांसाठी डिव्हाइस ट्रीमध्ये दोन नोड, दोन्हींचा पत्ता एकच. बोर्ड चालू केला. पहिला ड्रायव्हर नीट प्रोब झाला, म्हणजे हार्डवेअरला जोडला जाऊन सुरू झाला. दुसऱ्याने लॉगमध्ये ओळ टाकली की रिसोर्ससाठी रिजन मिळत नाही, आणि पुढे एरर उणे १६. रजिस्टरचा पट्टा पहिल्याने आपल्या नावावर घेतला होता, त्यामुळे दुसऱ्याला कर्नलने 'बिझी' सांगून परत पाठवलं. कर्नलने अगदी योग्य केलं.

यावर एक पळवाट सगळ्यांना माहीत असते. पट्टा नावावर न घेता नुसता मॅप करायचा, मग कर्नल काही बोलत नाही. नव्या मुलाने तसं करून दाखवलं आणि दोन्ही ड्रायव्हर सुरूही झाले. पण या चिपमध्ये ईसीसी आणि तापमान या दोन्हींसाठी इंटरप्टची लाइन एकच आहे, आणि कुठला इंटरप्ट चालू ठेवायचा ते ठरवणारं मास्क रजिस्टरही एकच. एक ड्रायव्हर ते रजिस्टर वाचतो, आपला बिट बदलतो, परत लिहितो. त्या दोन पावलांच्या मध्ये दुसऱ्याने तेच केलं तर एकाचा बिट पुसला जातो. पुसला गेलेला बिट तापमानाचा असेल तर त्यानंतर मेमरी कितीही तापली तरी कुणाला खबर लागणार नाही, आणि लॉगमध्ये एक अक्षरही उमटणार नाही. आपल्याकडे रस्ता एक आणि तो खोदणारी खाती तीन असतात, पाण्याची लाइन टाकणाऱ्याला केबल कुठून गेलीय ते माहीत नसतं, तसंच हे.

डिव्हाइस ट्रीचं तत्त्वही आड येत होतं. त्यात हार्डवेअरचं वर्णन असावं, लिनक्सने आपल्या सोयीसाठी किती ड्रायव्हर केले त्याचं नव्हे. कंट्रोलर एक आहे तर नोड एकच.

म्हणजे रजिस्टरचा मालक एकच हवा हे पक्कं झालं. प्रश्न उरला तो मालक कोण: 'मेमरी' की 'इडॅक'?

रिफ्रेश कुणाच्या हाती

इथे थोडं थांबून रिफ्रेशबद्दल सांगायला हवं, कारण निर्णय त्यावरच झाला.

डीरॅमच्या प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कपॅसिटर असतो आणि त्यातला भार गळत असतो. एलपीडीडीआर४ मध्ये साधारण ३२ मिलिसेकंदांत ८,१९२ रिफ्रेश आज्ञा द्याव्या लागतात, म्हणजे सुमारे ३.९ मायक्रोसेकंदाला एक. तापमान वाढलं की गळती वाढते, म्हणून रिफ्रेश जास्त वेळा द्यावा लागतो, अगदी गरम असताना चौपट वेगाने. चिप स्वतः मोड रजिस्टर ४ मधून सांगते की सध्या कुठला वेग हवा. काही कंट्रोलर हे रजिस्टर आपणहून वाचून वेग बदलतात, सॉफ्टवेअरला त्यात पडावं लागत नाही. आमच्या चिपमधला कंट्रोलर रजिस्टर वाचतो, फरक पडला तर इंटरप्ट देतो, पण वेग बदलायचं काम सॉफ्टवेअरवर सोडतो.

मॅडमनी फळ्यावर दोन चौकोन काढले आणि नव्या मुलाला विचारलं, "समज, सगळं इडॅकमध्ये टाकलं. फील्डवर चुकांच्या ओळींनी लॉग भरतोय म्हणून सपोर्टच्या माणसाने इडॅकचं मॉड्यूलच काढून टाकलं. तेव्हा सकाळ आहे, बोर्ड थंड आहे. रिफ्रेशचं काय होईल?"

"जिथे होता तिथेच राहील. सैल."

"आणि दुपारी भट्टी पेटली?"

तो काही बोलला नाही. मेमरी तापणार, रिफ्रेश सकाळच्याच वेगाने चालणार, पेशींतला भार वेळेआधी गळणार. ६४ बिटांना ८ तपासणी बिट लावणारी नेहमीची ईसीसी एका बिटाची चूक दुरुस्त करते आणि दोन बिटांची ओळखते, पण ते सांगणारं मॉड्यूलच काढून टाकलेलं. आणि हे काढणाऱ्या माणसाने काही वावगं केलेलं नाही. चुका मोजणारं मॉड्यूल काढलं तर मोजणी थांबेल, एवढंच कुणीही गृहीत धरेल.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. एका कंट्रोलरच्या काही कामांशिवाय फक्त आपल्याला कळायचं राहतं. काही कामांशिवाय मशीनच चुकतं. ही दोन जातीची कामं एका अशा मॉड्यूलमध्ये ठेवू नयेत जे लोक बिनधास्त काढू शकतात. चुकांची नोंद पहिल्या जातीची. रिफ्रेश दुसऱ्या.

त्याच प्रश्नातून बूटलोडरही बदलला. तोवर बूटलोडर (कर्नलआधी चालणारा प्रोग्राम) मेमरीचं ट्रेनिंग, म्हणजे सिग्नलची वेळ जुळवणं, झाल्यावर थंड चिपला पुरेल असा रिफ्रेश लावून कर्नलच्या हवाली करत होता. आता तो सगळ्यात वेगवान रिफ्रेश आणि गरम चिपसाठीचं टायमिंग लावतो. कर्नलमधला ड्रायव्हर प्रोब झाला आणि चिपने थंड असल्याचं सांगितलं, तरच वेग सैल होतो. ड्रायव्हर कधी आलाच नाही तर थोडी बँडविड्थ आणि थोडी वीज वाया जाते, डेटा जात नाही.

ही सगळी देखरेख फर्मवेअरमध्येच, म्हणजे कर्नलच्याही खाली चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवावी असाही विचार झाला. त्यात तथ्य आहे, कारण कर्नल अडकला तरी ती चालू राहते. पण फील्डवरच्या बोर्डचं फर्मवेअर बदलणं कर्नल बदलण्यापेक्षा कितीतरी जोखमीचं आहे, आणि तिथली चूक बाहेरून दिसत नाही. सुरक्षित सुरुवात फर्मवेअरकडे आणि रोजचा निर्णय कर्नलकडे, ही वाटणी आम्हाला पटली.

मग ठरलं ते असं

रजिस्टरची मालकी 'ड्रायव्हर्स/मेमरी'तल्या ड्रायव्हरकडे गेली. इंटरप्टही तोच घेतो. केकॉन्फिगमध्ये (कर्नल बांधतानाच्या पर्यायांत) त्याला मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा तुकडा, करण्याची मुभाच ठेवली नाही, एकतर कर्नलमध्ये आत, नाहीतर नाहीच. सिसएफएसमधून त्याला हाताने सोडवण्याची सोयही बंद केली. ज्याने रिफ्रेश सैल केलाय तो कुणाच्या एका आज्ञेने निघून जाता कामा नये.

ईसीसीचा भाग 'इडॅक'मध्ये वेगळ्या ड्रायव्हरच्या रूपात गेला. त्याला डिव्हाइस ट्रीमध्ये नोड नाही. मेमरीचा ड्रायव्हर ऑक्झिलरी बसवर एक लहान डिव्हाइस उभं करतो आणि इडॅकचा ड्रायव्हर त्याला जोडला जातो. ही बस ५.११ आवृत्तीत, २०२१ मध्ये, नेमकी अशाच गरजेसाठी आली: हार्डवेअर एक, पण त्याची कामं वेगवेगळ्या सबसिस्टिमची. एमएफडीचा, म्हणजे अनेक कामांच्या चिपसाठीच्या चौकटीचा, पर्याय होता, पण आतले भाग खरोखर स्वतंत्र हार्डवेअर असतील तिथे तो शोभतो. इथे ईसीसी म्हणजे त्याच कंट्रोलरमधली काही रजिस्टरं. ती रजिस्टरं इडॅकच्या ड्रायव्हरला रेगमॅपमधून (रजिस्टर हाताळायच्या कर्नलमधल्या सामाईक सोयीतून) मिळतात, त्यामुळे वाचून-बदलून-लिहिण्याचं काम एकाच कुलपाखाली होतं. इडॅकचं मॉड्यूल आता कुणीही काढावं, घालावं, रिफ्रेशला धक्का लागत नाही.

कंपनीच्या सिसएफएसमधल्या स्वतःच्या फायली आम्ही टाकून दिल्या. इडॅक आधीच दुरुस्त झालेल्या आणि न झालेल्या चुकांचे आकडे ठरलेल्या जागी दाखवतं आणि रासडीमन हा प्रोग्राम ते नोंदवून ठेवतो. फील्डवरच्या माणसाला या बोर्डसाठी वेगळं काही शिकायला लागू नये.

फ्रीक्वेन्सीचा भाग मात्र आम्ही वर आणलाच नाही, आणि हा निर्णय मला आजही पटतो. कर्नल स्वतः त्याच मेमरीत बसलेला असतो. फ्रीक्वेन्सी बदलताना मेमरी सेल्फ-रिफ्रेशमध्ये जाते आणि तेवढ्या वेळात तिला कुणीही हात लावू शकत नाही, त्यामुळे ते काम चिपच्या आतल्या एसरॅम या छोट्या वेगळ्या मेमरीतून चालणाऱ्या कोडलाच करावं लागतं. रॉकचिपच्या आरके३३९९ मध्ये आणि आय.एमएक्स८एमच्या डेव्हफ्रेक ड्रायव्हरमध्ये कर्नल फक्त फर्मवेअरला विनंती करतो. याउलट सॅमसंगच्या एक्सिनॉस ५४२२ चा ड्रायव्हर डेव्हफ्रेक वापरत असूनही 'ड्रायव्हर्स/मेमरी'त आहे, कारण तो कंट्रोलरची रजिस्टरं स्वतः हाताळतो. रजिस्टर ज्याच्या हातात, त्याची जागा मेमरीत, असं सूत्र आम्ही त्यातून काढलं. पण आमचा गेटवे दिवसरात्र एकाच चालीने काम करतो. एकाच फ्रीक्वेन्सीला ट्रेनिंग, एकाच फ्रीक्वेन्सीला चाचणी. ज्याची गरज नाही ते काम मेनलाइनमध्ये नेऊन त्याची देखभाल गळ्यात घेण्यात अर्थ नव्हता.

मेमरी मागणाऱ्या चिपमधल्या भागांपैकी आधी कुणाला द्यायची ते ठरवणारी काही रजिस्टरं याच पट्ट्यात आहेत. कधी लागलीच तर ती इंटरकनेक्टच्या (चिपमधल्या डेटाच्या वाटांच्या) चौकटीत जातील, ती चौकट ५.१ पासून कर्नलमध्ये आहे. सध्या त्यांना हात लावलेला नाही.

पॅच लावण्याचा क्रमही जागेच्या निर्णयातूनच आला. फाइल एकाच डिरेक्टरीत असती तर एकच मेंटेनर, एकच ट्री. आता दोन. इडॅकचा ड्रायव्हर मेमरीच्या ड्रायव्हरची हेडर फाइल वापरतो, म्हणून मेमरीचा ड्रायव्हर इडॅकच्या ड्रायव्हरआधी आत जायला हवा. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. आम्ही ठरवलं की पहिल्या फेरीत फक्त डिव्हाइस ट्रीचं बाइंडिंग (नोडमध्ये काय लिहायचं ते सांगणारा दस्तऐवज) आणि मेमरीचा ड्रायव्हर, इडॅक पुढच्या फेरीत. नव्या मुलाला ही वाट बघणं फार लांबलचक वाटलं. पण दोन मेंटेनरांनी आपापल्या ट्रीचा ताळमेळ बसवत बसण्यापेक्षा हे सोपं, आणि मधल्या काळात आमच्या ६.१२ च्या झाडावर दोन्ही पॅच आहेतच.

बाइंडिंग लिहिताना कस लागला तो वर्णनाचा. मॅडमनी पहिला मसुदा परत केला, कारण त्यात 'हा ड्रायव्हर रिफ्रेश बदलतो' असं वाक्य होतं. बाइंडिंगमध्ये ड्रायव्हरचं नावही नको. कंट्रोलरचा पत्ता, इंटरप्ट, क्लॉक आणि त्याला कुठली एलपीडीडीआर४ चिप जोडलीय, एवढंच. हेच वर्णन उद्या यू-बूट या बूटलोडरने किंवा दुसऱ्या एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमने वाचलं तरी त्याचा अर्थ लागला पाहिजे.

शेवटची चाचणी हीट चेंबरमध्ये झाली. थंड बोर्डवर इडॅकचं मॉड्यूल चालू अवस्थेत काढून टाकलं आणि तापमान चढवायला सुरुवात केली. मोड रजिस्टर ४ ची पातळी बदलली तसा इंटरप्ट आला, मेमरीच्या ड्रायव्हरने रिफ्रेश आवळला, लॉगमध्ये एक ओळ पडली. मॉड्यूल परत घातल्यावर चुकांची मोजणी पुन्हा सुरू झाली. मग चेंबर थंड करून तेच उलट दिशेने पाहिलं.

परफॉर्मन्स काउंटर अजून बाकी आहेत. त्यांचा रजिस्टरचा पट्टा कंट्रोलरच्या पट्ट्यापासून वेगळा आहे आणि इंटरप्टही स्वतंत्र, त्यामुळे त्यांना स्वतःचा नोड मिळेल आणि ड्रायव्हर 'ड्रायव्हर्स/परफ'मध्ये जाईल. त्याला आमच्या या ड्रायव्हरशी बोलायची गरज नाही. ते काम नव्या मुलाने मागून घेतलंय.